गाणं रिलीज करायच्या आधी: स्प्लिट शीटपासून रॉयल्टी स्टेटमेंटपर्यंत, क्रमाने

हा लेख गीतकार, संगीतकार आणि स्वतःच्या खिशातून गाणी काढणाऱ्या गायकांसाठी आहे. गणपती असो, शिवजयंती असो, भीमजयंती किंवा हळदीचा सीझन, दरवर्षी तेच होतं, गाणं आधी चॅनेलवर चढतं आणि चाललं की मग वाद सुरू होतात की शब्द कुणाचे, चाल कुणाची, पैसे कुणाच्या खात्यात. चाललं नाही तर कुणी विचारतच नाही, त्यामुळे सवय काही बदलत नाही. खरं तर सगळे कागद धरून काम चार-पाच संध्याकाळचं आहे, फक्त ते रिलीजच्या आधी व्हायला हवं. रिलीजनंतर तेच काम करायला गेलं की समोरच्याला तुमच्या सहीची किंमत कळलेली असते, मग एकेका सहीसाठी महिना जातो.

खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्यात त्याच क्रमाने करा, मधली गाळून पुढे जाऊ नका.

## १. आधी गाण्याचे भाग वेगळे करा

आपण "गाणं" म्हणतो ती एक गोष्ट असली तरी कायद्याच्या नजरेत त्या तीन आहेत. शब्द हे साहित्यकृती, चाल ही संगीतकृती (१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीमध्ये शब्द धरलेच जात नाहीत) आणि स्टुडिओत तयार झालेलं रेकॉर्डिंग, म्हणजे मास्टर, ही तिसरी. शब्दांचा पहिला मालक गीतकार, चालीचा संगीतकार आणि मास्टरचा मालक म्हणजे ज्याने रेकॉर्डिंग करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. याशिवाय गायक आणि वादकांचे परफॉर्मर म्हणून स्वतंत्र हक्क असतात, ते यात मिसळू नका.

सगळ्यात जास्त गोंधळ मास्टरवर होतो. ट्रॅक बनवणाऱ्याला आपण "म्युझिक प्रोड्युसर" म्हणतो, क्रेडिटमध्ये तसंच टाकतो, आणि कायद्यातला प्रोड्युसर मात्र वेगळा, तो म्हणजे रेकॉर्डिंग उभं करणारा. तुम्ही स्टुडिओ बुक केला, अरेंजरला पैसे दिले, गायक ठरवला तर साधारणपणे प्रोड्युसर तुम्ही. पण हे कुठेच लिहिलं नसेल आणि क्रेडिटमध्ये अरेंजरच्या नावापुढे "प्रोड्युसर" छापलं असेल तर उद्या तोच कागद तुमच्यावर उलटू शकतो. म्हणून क्रेडिटमध्ये अरेंजरसाठी "संगीत संयोजन" लिहा आणि "निर्मिती" हा शब्द मास्टरच्या मालकासाठी ठेवा.

तपासा: एका कागदावर चार ओळी लिहा, शब्द कुणाचे, चाल कुणाची, मास्टर कुणाचा, गायलं-वाजवलं कुणी. यातल्या एकाही ओळीवर "बघू नंतर" असेल तर पुढे जाऊ नका.

## २. कच्चा माल स्वच्छ आहे का बघा

इथे बहुतेक जण घाई करतात आणि सगळ्यात महागात हीच पायरी पडते.

जुने शब्द. भारतात शब्द आणि चाल यांचा कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झालं की तिथून ६० वर्षं चालतो. तुकोबांचा अभंग घेतला तर शब्द खुले आहेत, त्यात वाद नाही. पण त्या अभंगाला तुम्ही लहानपणापासून ऐकलेली चाल खुली असेलच असं नाही. तुकोबांच्या अभंगांना श्रीनिवास खळ्यांनी दिलेल्या चाली घ्या, खळेकाका २०११ मध्ये गेले म्हणजे त्या चालींवर २०७१ अखेरपर्यंत हक्क आहे. "पारंपरिक" असं क्रेडिट टाकून त्या चालीवर रेकॉर्डिंग केलं तर ते सरळ उल्लंघन आहे, मग भजनी मंडळात ती चाल कितीही वर्षं म्हटली जात असो.

कवितांचंही तसंच. गदिमा १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क. सुरेश भट २००३ मध्ये, म्हणजे २०६३ अखेरपर्यंत. बहिणाबाईंची गोष्ट जरा वेगळी आहे, त्या १९५१ मध्ये गेल्या आणि संग्रह १९५२ मध्ये आला, मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या साहित्याची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात, त्यामुळे त्या संग्रहातल्या कवितांची मुदत २०१२ अखेर संपली. कवी जुना वाटतो म्हणून खुला असं नसतं, दरवेळी मृत्यूचं साल आणि प्रकाशनाचं साल शोधा.

जुन्या चालीवर नवे शब्द. हिट हिंदी किंवा मराठी चालीवर देवाचे, नेत्याचे किंवा हळदीचे शब्द बसवायची पद्धत आपल्याकडे गावोगावी आहे. मैफलीत काय होतं ते सोडा, पण असं गाणं रेकॉर्ड करून विकायचं असेल तर चालीच्या मालकाची लेखी परवानगी लागते. शब्द पूर्ण तुमचे असले तरी.

कव्हर. मूळ रेकॉर्डिंग ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांनी कायद्यात कव्हरची वाट आहे (कलम ३१सी), पण त्यासाठी आगाऊ नोटीस द्यावी लागते, रॉयल्टी आधी भरावी लागते आणि तीही वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशोबाने. शिवाय ही सोय फक्त ऑडिओला आहे, व्हिडिओ करायचा तर वेगळी परवानगी.

लूप (परत परत वाजणारा तयार तुकडा) आणि बीट (तयार ट्रॅक). इंटरनेटवरून बीट विकत घेतलात तर लायसन्स नीट वाचा. नॉन-एक्स्क्लुझिव्ह असेल तर तीच बीट आणखी कुणीही घेतलेली असू शकते.

सावधान: नॉन-एक्स्क्लुझिव्ह बीट किंवा सगळ्यांना मिळणारा लूप ठळकपणे वापरलेल्या गाण्यावर युट्यूबचं कंटेंट आयडी (तुमचं गाणं कुणाच्या व्हिडिओत वाजलं ते आपोआप ओळखणारी सिस्टीम) चालू करू नका. सिस्टीम दुसऱ्यांच्या गाण्यांवर तुमच्या नावाने क्लेम टाकते, ते तक्रार करतात आणि शेवटी तुमचाच डिस्ट्रिब्युटर (तुमचं गाणं स्ट्रीमिंग ॲप्सवर चढवून पैसे आणणारी कंपनी) तुमचं खातं अडकवतो.

## ३. स्प्लिट शीट: गाणं पूर्ण झालं त्याच दिवशी

चाल-शब्द पक्के झाले की स्टुडिओतून उठायच्या आधी कुणाचा वाटा किती याचं एक पान भरा, तीच स्प्लिट शीट. त्यावर गाण्याचं नाव, पर्यायी नाव असेल तर ते, तारीख, प्रत्येकाचं पॅनकार्डवर आहे तसं पूर्ण नाव, काम काय केलं, टक्के किती आणि सह्या. बेरीज १०० आलीच पाहिजे. एक गीतकार आणि दोन संगीतकार असतील तर साधारण गीतकार ५०, संगीतकार २५-२५ असं धरतात, पण ती तुमची आपसातली बाब आहे, वेगळं ठरलं तर वेगळं लिहा.

टक्के ठरवताना एकच प्रश्न विचारा, शब्द किंवा चाल यात कुणी भर घातली? अरेंजरने सुंदर इंटरल्यूड केला, ढोलकीवाल्याने कमाल ठेका लावला, गायिकेने जागा छान घेतल्या, याचे त्यांना पैसे द्या, क्रेडिट द्या, आदर द्या, पण आपोआप टक्के लागत नाहीत. अरेंजरने मुखड्याची चालच बदलली असेल आणि तीच ठेवली असेल तर मात्र तो सहसंगीतकार आहे आणि ते तिथल्या तिथे मान्य करा.

मास्टरची कमाई कशी वाटायची ते याच पानात घुसवू नका, त्याचं पान वेगळं. "तुला २० टक्के देतो" असं म्हटलं जातं तेव्हा कशाचे २० टक्के हेच कुणी बोलत नाही, चालीचे, मास्टरचे की युट्यूबच्या पैशातले? पुढची भांडणं तिथून सुरू होतात.

तपासा: व्हॉट्सॲपवर "ओके दादा, ठरलं" हा मेसेज पुरावा म्हणून जपून ठेवा, पण त्यावर थांबू नका. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावावर करायचा असेल तर कायद्याने देणाऱ्याच्या सहीचा लेखी कागद लागतो. हे दोन्ही बाजूंनी लागू आहे, गीतकाराला तुम्ही पाच हजार दिले म्हणून शब्द तुमचे होत नाहीत.

## ४. नाव एकच ठेवा, आणि तारखेचा पुरावा

नाव हा किरकोळ मुद्दा वाटतो पण अडकलेल्या रॉयल्टीचं सगळ्यात साधं कारण हेच असतं. एका गाण्यावर पूर्ण नाव, दुसऱ्यावर आद्याक्षरं, तिसऱ्यावर टोपणनाव, आणि बँकेत चौथंच. गायिका-गीतकारांचं तर लग्नाआधीचं आडनाव क्रेडिटमध्ये आणि नंतरचं पॅनकार्डवर असं खूपदा होतं. आत्ताच एक व्यावसायिक नाव ठरवा, त्याचं रोमन स्पेलिंगही एकच ठरवा (शेवटी "ए" एक की दोन, इतपत), आणि रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीत (पायरी ६) मेंबर होताना पॅनवरचं नाव आणि टोपणनावं दोन्ही नोंदवा.

कॉपीराइट कृती तयार झाली की आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणीचा दाखला कोर्टात प्रथमदर्शनी पुरावा धरला जातो, म्हणून ज्या गाण्यावर खर्च जास्त केलाय किंवा जे लेबलला, म्हणजे म्युझिक कंपनीला दाखवणार आहात त्याची करून ठेवा. कॉपीराइट ऑफिसच्या पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो, शब्द आणि चाल यांचे अर्ज वेगळे, फी प्रत्येकी ५०० रुपये, रेकॉर्डिंगची २,०००. अर्जानंतर डायरी नंबर मिळतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं, त्यानंतर छाननी. म्हणजे भाद्रपदातल्या गाण्याचा अर्ज श्रावणात टाकून दाखला हातात येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

स्वतःलाच पाकीट पोस्टाने पाठवून ते न उघडता ठेवायचा सल्ला अजून फिरतोय. त्यापेक्षा पहिल्या डेमोची तारखेसकट फाईल, स्वतःला केलेला ईमेल, वहीतले खाडाखोडीचे कागद जास्त कामाचे.

## ५. गायक, वादक, संयोजक यांच्याकडून लेखी संमती

मास्टर तुमचा ठेवायचा असेल तर डबिंगच्या दिवशीच छोटं संमतीपत्र घ्या, कुठलं गाणं, मानधन किती, दिलं कधी, रेकॉर्डिंग कुठे कुठे वापरायला परवानगी आणि क्रेडिट कसं. संयोजकाकडून स्टेम्स (प्रत्येक वाद्य-आवाजाचे सुटे ट्रॅक) आणि सेशन फाईल मिळणार की नाही हेही लिहा, नाहीतर वर्षभराने रीमिक्स करायचा म्हटलं की नवीन पैसे मागितले जातात.

एक वाक्य मात्र त्यात घालू नका, "रॉयल्टीवरचे सर्व हक्क सोडून देत आहे". परफॉर्मरच्या रॉयल्टीला कायद्याने संरक्षण आहे आणि माणूस म्हणूनही ते बरोबर नाही. गायक-वादकांची इसम्रा ही वेगळी सोसायटी आहे, त्यांना तिचं सभासद व्हायला सांगा.

## ६. आयपीआरएस: लेबलच्या आधी, नंतर नाही

गीतकार, संगीतकार आणि पब्लिशर (शब्द-चालीचे हक्क सांभाळणारी कंपनी) यांची सोसायटी म्हणजे आयपीआरएस. १९६९ पासून आहे, २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर २०१७ मध्ये तिची नव्याने नोंदणी झाली. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम, स्ट्रीमिंग यांतून शब्द-चालीचा वाटा ती गोळा करते. मास्टरचे पैसे तिथून येत नाहीत, ते डिस्ट्रिब्युटरकडून. हे दोन वेगळे नळ आहेत आणि बरेच जण एकाखालीच बादली लावून बसतात.

क्रम असा:

१) लेखक म्हणून (यात गीतकार आणि संगीतकार दोन्ही आले) मेंबरशिपचा अर्ज करा. पॅन, ओळख-पत्त्याचा पुरावा, बँकेचे तपशील आणि तुमच्या प्रसिद्ध झालेल्या कामाची माहिती हाताशी ठेवा.

२) मेंबर झालात की तुमचा आयपीआय नंबर विचारून घ्या. जगभरातल्या सोसायट्या तुम्हाला त्या नंबरने ओळखतात, तो प्रत्येक स्प्लिट शीटवर लिहायला लागा.

३) प्रत्येक गाण्याचं वर्क नोटिफिकेशन, म्हणजे सोसायटीकडे नोंद करा. मेंबर झालो म्हणजे गाणी आपोआप नोंदली असं अजिबात नाही! नोटिफाय न केलेलं गाणं कितीही वाजलं तरी ते तुमच्या नावाला जोडायचं कसं?

४) सहलेखकांनी तेच टक्के टाकलेत ना ते बघा. तुम्ही ५०-५० आणि दुसऱ्याने ७०-३० टाकलं की वाद निकाली निघेपर्यंत पैसे थांबतात.

५) गाणं कुणालाच असाइन केलेलं, म्हणजे मालकी दिलेली नसेल तर पब्लिशरच्या रकान्यात भलतंच नाव चढू देऊ नका. चॅनेलवाला "आमचं नाव टाका, फॉर्मॅलिटी आहे" म्हणतो, ती फॉर्मॅलिटी नसते, त्या रकान्याला पैसे जातात.

लेबलच्या आधी का, तर मेंबर होताना तुम्ही काही हक्क सोसायटीकडे देता, आणि कलम १९(८) प्रमाणे सोसायटीला आधीच दिलेल्या हक्कांच्या विरोधात नंतर केलेलं असाइनमेंट रद्दबातल ठरतं. म्हणजे लेबलशी बोलताना "मी आयपीआरएस मेंबर आहे, तो वाटा सोडून करार करा" हे सांगायला तुमच्यामागे कायदा उभा असतो.

परदेशात राहणाऱ्यांसाठी, लंडनमध्ये राहून आधीच पीआरएस या तिथल्या सोसायटीचे मेंबर असाल तर इथे पुन्हा वेगळा अर्ज करू नका, सोसायट्यांचे आपसात करार असतात, आधी तिथे विचारा.

## ७. लेबलला द्यायचं असेल तर करार कसा वाचायचा

पहिल्यांदा ठरवा की तुम्ही विकताय की वापरायला देताय. असाइनमेंट म्हणजे मालकी गेली, लायसन्स म्हणजे मालकी तुमची आणि ठरावीक मुदतीसाठी वापर त्यांचा. पब्लिशिंगमध्ये तिसरा प्रकार ॲडमिनिस्ट्रेशनचा, मालकी तुमची, पब्लिशर नोंदणी आणि वसुली करतो आणि त्याबदल्यात हिस्सा घेतो. नवीन माणसाला शक्य असेल तर लायसन्स किंवा ॲडमिनिस्ट्रेशन मागा असंच मी सांगेन, नाही म्हणाले तर नाही, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

करारात या गोष्टी बोट ठेवून शोधा:

- कुठलं गाणं. "यापुढील सर्व रचना" असं असेल तर सही करू नका.
- कुठले हक्क. शब्द, चाल, मास्टर वेगवेगळे लिहिलेले हवेत.
- मुदत. लिहिलीच नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो. म्हणूनच छापील करारांमध्ये "कायमस्वरूपी" असतं.
- प्रदेश. लिहिला नसेल तर फक्त भारत.
- रिलीज कधी. घेतलेला हक्क एका वर्षात वापरला नाही तर तो परत येतो (कलम १९(४)), पण करारात उलट लिहिलं असेल तर नाही. ते उलटं वाक्य शोधा आणि खोडायला सांगा.
- रॉयल्टी. सिनेमासाठी लिहिलेलं गाणं थिएटरबाहेर वाजेल त्याची, आणि सिनेमाबाहेरच्या गाण्याची कुठल्याही वापराची रॉयल्टी समसमान वाटून घ्यायचा गीतकार-संगीतकाराचा हक्क २०१२ पासून सोडता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा सोसायटीला देता येतो. "एकरकमी मोबदल्यात रॉयल्टी सोडली" असं छापून आलं तरी तो हक्क तसा जात नाही.
- जाहिरात आणि वेब सिरीज. तिथे गाणं वापरायला कोण परवानगी देणार आणि पैसे कसे वाटणार.
- हिशोब. स्टेटमेंट किती महिन्यांनी आणि तपासायचा हक्क आहे का.

सावधान: "सगळ्यांना हाच फॉरमॅट देतो" हे ऐकून घाबरू नका. दोन दिवस मागा आणि कॉपीराइट समजणाऱ्या वकिलाला दाखवा. मुद्रांक किती लागेल तेही त्यांनाच विचारा, महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून बऱ्याच कागदांना १०० चा स्टॅम्प चालत नाही.

## ८. अपलोड

इथपर्यंत आलात तर हे सोपं आहे. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी कोड लागतो, १२ अक्षर-अंकांचा, डिस्ट्रिब्युटर देतो किंवा भारतात आयएमआय या म्युझिक कंपन्यांच्या संघटनेकडून स्वतःची नोंदणी करता येते. हा कोड रेकॉर्डिंगचा आहे. शब्द-चालीचा कोड म्हणजे आयएसडब्ल्यूसी, तो सोसायटीकडून येतो. एका गाण्याची चार व्हर्जन्स असतील तर आयएसआरसी चार, आयएसडब्ल्यूसी एकच. डिस्ट्रिब्युटर बदलला तरी त्याच रेकॉर्डिंगला जुनाच आयएसआरसी द्या, नवीन घेतला की स्ट्रीम्सचे आकडे तुटतात.

फॉर्म भरताना भाषा "मराठी"च निवडा, यादीत पटकन सापडत नाही म्हणून हिंदी ठेवणारे खूप आहेत. गीतकार आणि संगीतकाराच्या रकान्यात बँडचं नाव नको, माणसांची पूर्ण नावं हवीत, स्प्लिट शीटवर आहेत तशीच. रिलीजची तारीख तीन-चार आठवडे पुढची द्या, स्पॉटिफायच्या एडिटर्सकडे गाणं पाठवायला किमान सात दिवस आधी ते तिथे पोचलेलं असावं लागतं.

तपासा: गाणं आधीच कुणाच्या चॅनेलवर असेल तर कंटेंट आयडी चालू करायच्या आधी ते चॅनेल डिस्ट्रिब्युटरकडून अलाऊलिस्ट करून घ्या (म्हणजे त्यावर क्लेम पडत नाही), नाहीतर पहिला क्लेम तुमच्याच व्हिडिओवर येतो.

## ९. पैसे यायला लागले की

पैसे उशिराने येतात, त्यामुळे पहिले काही महिने काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका. पण स्टेटमेंट आलं की तीन गोष्टी बघा, सगळी गाणी यादीत आहेत का, टक्के बरोबर आहेत का, आणि टीडीएस कापलाय तो तुमच्या पॅनवर आयकर खात्याच्या नोंदीत दिसतोय का. रॉयल्टीवर साधारण १० टक्के कापतात, रिटर्न भरलं नाही तर परत मिळण्यासारखे पैसेही तिथेच राहतात. संगीतकाराने म्युझिक कंपनीला हक्क दिले तर जीएसटी रिव्हर्स चार्जने कंपनीने भरायचा असतो, तो तुमच्या मानधनातून कापत असतील तर सीएला विचारा.

लाइव्ह कार्यक्रमात तुमची गाणी झाली तर सेट लिस्ट लिहून ठेवा आणि आयोजकाने लायसन्स घेतलंय का ते विचारा. ऑर्केस्ट्रावाल्यांनाही सांगून ठेवा, त्यांच्याकडे गाण्याच्या नावापुढे तुमचं नाव असतंच असं नाही.

आणि सोसायटीत नॉमिनी नोंदवा, मृत्युपत्रात गाण्यांचा उल्लेख करा. तुमच्यानंतर ६० वर्षं हे उत्पन्न घरच्यांचं आहे, पण कुठल्या गाण्याचे किती टक्के आणि करार कुठल्या फाईलमध्ये हे त्यांना माहीत नसेल तर ते मागणार कुणाकडे? स्प्लिट शीट, करार, आयपीआय नंबर आणि आयएसआरसीची यादी एका फोल्डरमध्ये ठेवून घरात एकाला तरी दाखवून ठेवा.